कोडाच्या गॅरंटीच्या जाहिराती बंद करा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आमच्या दुकानात तुमचा पेपर वडिलांच्या काळापासून येतोय, शटर वर केलं की आधी पेपर आत घ्यायचा मग देवाला अगरबत्ती, असं वर्षानुवर्षं चालू आहे, म्हणून हक्काने लिहितोय. पत्र मोठं झालंय, जागेअभावी कापावं लागलं तर कापा पण एक गोष्ट ठेवा. तुमच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर अधूनमधून "कोड, पांढरे डाग, काही दिवसांत रंग बदलायला सुरुवात, शंभर टक्के गॅरंटी, औषध कुरिअरने घरपोच" असल्या जाहिराती येतात, त्या कृपा करून बंद करा.

मला स्वतःला कोड आहे. ओठांवर, हाताच्या बोटांवर, एका डोळ्याच्या कडेला थोडं, आणि आता कंबरेला. त्या जाहिरातीच्या बरोब्बर वरच्या रकान्यात वधू-वर असतात, गोरी पाहिजे, सुस्वरूप पाहिजे, निरोगी पाहिजे, आणि त्याच्या खाली आमच्यासाठी गॅरंटीचं औषध. माझी आई ते पान रोज वाचते. वाचून झालं की घडी घालून उशीखाली ठेवते, मला दिसू नये म्हणून, आणि मला ते माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. आम्ही दोघंही त्यावर बोलत नाही.

जुन्या नाशकात आमचं किराणा दुकान आहे, छोटंच, गल्लीतलं. सातवीत असताना ओठाच्या कोपऱ्यात पहिला डाग आला. आईला वाटलं टूथपेस्ट राहिलीय, पदराने पुसलं, परत पुसलं, मग तिचा हात थांबला. तेव्हापासून घरात या विषयावर हळू आवाजात बोलायची सवय लागली ती आजपर्यंत आहे. पुढे बोटांच्या टोकांना सुरू झालं आणि दहावीपर्यंत दोन्ही हात असे झाले की वर्गात हात वर करून उत्तर द्यायचं मी सोडूनच दिलं, उत्तर येत असलं तरी.

आता हे आहे तरी काय ते सांगतो, कारण शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं. आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. कोडात शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती त्या पेशींना परकं समजून मारते, जिथल्या पेशी गेल्या तिथली कातडी पांढरी होते, केस त्या जागी असतील तर कधी कधी तेही पांढरे होतात. बस एवढंच. दुखत नाही, सहसा खाजतही नाही, उन्हात गेलं तर तो भाग लवकर भाजतो तेवढी काळजी घ्यावी लागते. काहींना सोबत थायरॉइडचा त्रास असतो म्हणून डॉक्टर त्याची तपासणी करायला सांगतात. शिवल्याने लागत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही, टॉवेलने लागत नाही, लग्न केल्याने लागत नाही. साधारण शंभर-दोनशे माणसांमागे एकाला हे असतं. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर जवळपास १५ लाखांचं होतं, दोनशेला एक धरला तरी सात हजारांच्या वर माणसं झाली ना साहेब. कुठे आहेत ती? फुल बाह्यांच्या शर्टात आहेत, मे महिन्यात पण सॉक्स घालून फिरतायत, ओढणीत आहेत, फोटो काढताना मागच्या रांगेत जाऊन उभी आहेत.

बऱ्याच लोकांच्या मनात कोड आणि महारोग एकच. महारोगात डागाच्या जागी बधिरपणा येतो, तो जंतूमुळे होतो, कोडाचा आणि त्याचा काही संबंध नाही. हे मी सांगतो तेव्हा समोरचा "हां मग ठीके" म्हणून सुटकेचा श्वास टाकतो आणि मला ते पण आवडत नाही, कारण महारोग झालेल्या माणसालाही लांब बसवायचं काही कारण नाही, तो सरकारी दवाखान्यातल्या फुकट गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि औषध सुरू झालं की त्याच्यापासून लागण व्हायची थांबते. स्वतःला वाचवायला दुसऱ्याला पुढे ढकलायचं हे मला जमत नाही.

दुकानात काय होतं ते ऐका. काउंटरवर बसायला लागलो तेव्हा वडील होते, त्यांच्या हातून लोक सुटे घ्यायचे आणि माझ्याकडून घ्यायची वेळ आली की म्हणायचे, ठेव तिथे बरणीवर. वाईट मनाने नाही. वर्षानुवर्षांची ओळखीची माणसं, मला अंगाखांद्यावर खेळवलेली. एक मावशी तर पैसे ठेव म्हणायच्या आणि त्याच वेळी आईच्या गुडघ्याची चौकशी पण करायच्या, दोन्ही खरं होतं, चौकशीही खरी आणि हात मागे घेणं पण खरं. गूळ, खोबरं, सुट्टी साखर मी हाताने बांधून दिली की काही लोक "पॅकिंगमधलं दे ना" म्हणायचे. मग मी युक्ती केली, सगळं आधीच अर्धा किलो एक किलोत पॅक करून ठेवायला लागलो. आता तर स्कॅन करून पैसे देतात सगळे, आवाज येतो इतके रुपये प्राप्त झाले, माल पिशवीत पडतो, गिऱ्हाईक जातं. धंद्याला सोपं झालं, भांडण नाही, अपमान नाही. पण आख्ख्या दिवसात एकाही माणसाच्या हाताला माझा हात लागत नाही असे दिवस जातात आणि रात्री शटर ओढताना ते जाणवतं. पस्तिशीच्या पुरुषाने असलं लिहायचं नसतं म्हणे. मला कोणीतरी सुटे पैसे हातात द्यावेत एवढं वाटतं, त्यात लाजण्यासारखं काय आहे मला कळलेलं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मला त्रास देणारे लोक फार थोडे भेटले. शाळेत चिडवणारी पोरं होती, ती मोठी झाली, विसरली, आज माझ्याच दुकानात उधारी ठेवतात. मला जे सगळ्यात जास्त टोचत आलंय ते प्रेमाने बोलणाऱ्यांचं टोचत आलंय. ओळखीचं कोणीही भेटलं, लग्नात, सप्तशृंगीच्या पायऱ्यांवर, सिव्हिलच्या बाहेर, पहिलं वाक्य काय, "काय रे, कमी आहे का आता?" दुसरं, "अरे आमच्या नात्यात एकाचं अमुक वैद्याने घालवलं बघ." मासे आणि दूध एकत्र खाल्लं असशील. आम्ही माळकरी, घरात मासे कधी शिजलेच नाहीत, तरी हे ऐकायचं. आंबट सोड, वांगं सोड, मीठ सोड. त्र्यंबकला जाऊन कुशावर्तात स्नान कर. मागच्या जन्माचं काहीतरी असेल, शांत करून घे. दुधामाशाने कोड होतं याला काही आधार नाही हे मला त्वचारोगाच्या डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगितलंय, पण लग्नाच्या पंगतीत मी काय काय समजावत बसणार. मी हसतो, हो म्हणतो, जिलबी वाढून घेतो.

बावचीचं सांगतो. लांबच्या एका आत्याने आईला सांगितलं बावचीचं तेल लाव आणि उन्हात बसव. आईने लावलं. आत्याच्या मनात माया होती, आईच्या तर होतीच. मी गच्चीत उन्हात बसलो आणि संध्याकाळपर्यंत बोटांना, ओठांना फोड आले, पुढचे कितीतरी दिवस गार दूधभात सोडून काही खाता येत नव्हतं. नंतर डॉक्टरांनी समजावलं की बावचीत सोरालेन नावाचं द्रव्य असतं, त्याने कातडी उन्हाला भयंकर नाजूक होते, दवाखान्यात तेच सोरालेन देऊन मोजून मापून किरण द्यायची पद्धत होती, पण घरी अंदाजाने लावून नाशिकच्या एप्रिलच्या उन्हात बसवलं की भाजणारच. म्हणजे औषध अगदीच खोटं नव्हतं, पण ज्याला मात्रा कळते त्याच्या हातात ते पाहिजे. अथर्ववेदात सुद्धा किलास म्हणून या डागांवर वनस्पतीचा उल्लेख आहे, म्हणजे माणसं हजारो वर्षं हे डाग घालवायच्या मागे आहेत. हजारो वर्षांत डाग असलेल्या माणसाला शेजारी बसवून घ्यायची युक्ती मात्र इतकी अवघड का गेली असेल, याचा मी दुकानात बसून बऱ्याचदा विचार करतो.

कारण "बरा होशील रे" याचा अर्थ मला लहानपणापासून असा ऐकू येत आलाय की आत्ता आहेस तसा तू चालत नाहीस. बरा झालास की ये. तोपर्यंत लग्न थांबेल, फोटो थांबेल, पंक्तीत वाढायचं काम दुसऱ्याला देऊ. म्हणणाऱ्याच्या मनात असं नसेलही. पण लहान पोराला काय वेगळं कळणार? त्याला एवढंच कळतं की सगळी माणसं माझ्याशी नाही तर माझ्या डागाशी बोलतायत आणि डाग गेल्यावर मग कधीतरी माझ्याशी बोलतील. आणि तुमची ती जाहिरात, गॅरंटीवाली, ती हेच मोठ्या अक्षरांत छापते.

माझा उपचारांना विरोध आहे असं कोणी समजू नका. चांगले उपचार आहेत आणि ज्याला हवेत त्याने जरूर घ्यावेत. लावायची मलमं आहेत, अल्ट्राव्हायोलेट बी किरणांची ट्रीटमेंट आहे ती आठवड्यातून दोन-तीनदा असं महिनोन्महिने घ्यावी लागते, डाग वर्षभर स्थिर असेल तर चांगल्या भागाची कातडी किंवा पेशी घेऊन तिथे बसवायची सर्जरी आहे. अमेरिकेत २०२२ साली रुक्सोलिटिनिब नावाच्या मलमाला १२ वर्षांवरच्या पेशंटसाठी मंजुरी मिळाली. चेहऱ्यावरचे डाग बऱ्याच जणांचे छान भरतात. पण बोटांची टोकं आणि ओठ यांचं अवघड असतं, कारण रंगाच्या नवीन पेशी बऱ्याचदा केसांच्या मुळांतून वर येतात आणि ओठांना, बोटांच्या टोकांना केसच नसतात. हे डॉक्टरांनी मला सांगितलं त्या दिवशी मला वाईट वाटायला हवं होतं पण उलट फार हलकं वाटलं, कारण इतकी वर्षं मला वाटायचं मी पथ्य नीट पाळत नाही म्हणून जात नाहीये, सगळे तसंच सुचवायचे पण. डोळ्याजवळचा डाग किरणांनी बराच भरला. हात आणि ओठ आहेत तसे आहेत, तसेच राहतील असं धरून मी चालतो.

तर जिथे डॉक्टर स्वतः सांगतात की काही भागांचं खात्रीने सांगता येत नाही, महिने लागतात, परतही येऊ शकतं, तिथे कुरिअरने येणाऱ्या डबीची गॅरंटी कोण देतंय? आणि साहेब हे नुसतं माझं मत नाही. औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे, १९५४ चा. ज्या आजारांवर इलाज करतो अशी जाहिरात करायची नाही त्यांची यादी त्या कायद्याला जोडलेली आहे आणि त्यात कोड आहे, ल्युकोडर्मा या नावाने. जाहिरात देणारा तर आहेच पण ती छापण्यात भाग घेणाराही त्यात येतो, पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मी हे धमकी म्हणून लिहीत नाहीये, मी किराणा दुकानदार, कोर्टाची पायरी मला परवडत नाही. तुम्ही सत्तर वर्षांपूर्वीचा कायदा वाचाल आणि स्वतःहून थांबवाल असं मनापासून वाटतं म्हणून लिहितोय. एक डबी आईने मागवली होती, तिच्या बांगडीच्या पैशांतून. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

ढोलाबद्दल लिहितो, कारण सगळं दुःखाचंच लिहिलं तर ते खोटं होईल. कॉलेजला असताना एका ढोल पथकात गेलो. बोटांना सगळेच चिकटपट्टी गुंडाळतात, टिपरू धरून आणि थापी मारून कातडी सोलून निघते ना, म्हणून सगळ्यांचीच बोटं पांढरी. पहिल्याच सरावाला माझ्याकडे बघून कोणाला काही वेगळं वाटलं नाही. ताशा वाजायला लागला आणि आम्ही सगळ्यांनी एकदम हात उचलला तेव्हा मला जे वाटलं ते मी कोणाला नीट सांगू शकलेलो नाही, चाळीस जणांत आपण एक, चुकलो तर लय बिघडेल म्हणून महत्त्वाचे, नाहीतर कोणी विशेष नाही. मला तेच हवं होतं. विशेष नसणं. तिथे कधी कोणी मला औषध सांगितलं नाही, ढोल ढिला बांधलायस म्हणून शिव्या मात्र भरपूर दिल्या. त्याच ढोलाच्या कमरेच्या दोरीने घासून कंबरेला नवीन डाग उठला, घासल्या-खरचटल्या जागी कोड उठतं हे तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले दोरीखाली जाड कापड घ्या किंवा वाजवणं कमी करा. मी जाड कापड घेतलं.

आणि रहाड. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आम्ही नाशिककर धुळवडीला नाही तर रंगपंचमीला रंग खेळतो, आणि जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत, दगडी बांधणीचे जमिनीतले हौद, वर्षभर लाकडं आणि माती टाकून बुजवलेले असतात, रस्ता वरून चालू असतो, आणि रंगपंचमीला उघडून त्यात रंगाचं पाणी करतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. पूजा झाली की माणसं त्यात धप्पा मारतात. धप्पा मारून वर आलं की सगळी एकाच रंगाची. लहानपणी मला हा वर्षातला सगळ्यात मोठा सण वाटायचा कारण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला कोणी ओळखायचं नाही, म्हणजे ओळखायचे पण डागावरून नाही.

एका वर्षी काठावर उभ्या एका वडीलधाऱ्या माणसाने हळूच बाजूला घेऊन सांगितलं, "तू वरूनच खेळ रे बाळा, पाण्यात लहान पोरं असतात." आवाज इतका मवाळ की मला रागही येईना. मी शर्टाच्या बाह्या खाली केल्या आणि निघालोच होतो, तेवढ्यात पथकातला माझा एक मित्र, त्याने काय ऐकलं काय नाही मला माहीत नाही, त्याने मागून मानगूट धरली आणि मला घेऊनच उडी मारली. वर आलो तेव्हा तो खोकत होता, नाकात पाणी गेलं होतं त्याच्या, आणि मला शिव्या देत होता की हात का सोडला. त्याने नंतर कधी तो विषय काढला नाही. भाषण नाही, "मी तुला वेगळं समजत नाही" असली वाक्यं नाहीत. ते वडीलधारे पण पुढे काही बोलले नाहीत, पुढच्या वर्षी त्यांनी मला टॉवेल धरायला दिला.

पण रंग दोन आंघोळींत जातो साहेब. रंगाखाली सगळे सारखे दिसतात म्हणून मला घेतलं, तर मग माझ्यासाठी वर्षात एकच दिवस उरला. मला चतुर्थीला घ्या, श्रावण सोमवारी घ्या, उघड्या हाताने भाकरी मोडताना घ्या. रंग गेल्यावर जे दिसतं त्याच्यासकट घ्या.

लग्नाचं थोडक्यात. माझं झालेलं नाही. बायोडाटात आम्ही पहिल्यापासून स्पष्ट लिहितो त्यामुळे फसवणुकीचा प्रश्न नाही, बहुतेक ठिकाणी तिथेच थांबतं. एका मुलीला मी आवडलो होतो असं मला वाटतं, ती बोटांकडे बघत नव्हती, मी बोलत असताना तोंडाकडे बघत होती, पण तिच्या घरून आलं की धाकट्या बहिणीचं व्हायचंय अजून, लोक काय म्हणतील. ठीक आहे. खरी अडचण आता माझ्याही बहिणीची आहे. तिच्या अंगावर एक डाग नाही, तरी भावाला कोड म्हणून स्थळं परत जातात. घरात कोणाला असलं तर इतरांना व्हायची शक्यता थोडी वाढते हे खरं आहे, मी लपवत नाही, पण बहुतेकांच्या भावंडांना, मुलांना होत नाही आणि कोड असलेल्या बहुतेकांच्या घरात आधी कोणालाच नसतं. डायबेटीस घराण्यात आहे का म्हणून कोणी विचारत नाही, तो तर किती घरांत आहे, त्याने माणसाची किडनी जाते, डोळे जातात. कोडाने काय जातं?

आता जिच्यामुळे हे पत्र लिहायला बसलो ती गोष्ट. आमच्या गल्लीत तिसरी-चौथीतली एक मुलगी आहे. गुडघ्यावर आणि हनुवटीवर डाग आलेत. तिच्या शाळेने घरच्यांना सांगितलं डॉक्टरांकडून लिहून आणा की हे लागत नाही. आणून दिलं. मग गॅदरिंगच्या नाचात तिला शेवटच्या ओळीत घातलं आणि सगळ्यांच्या घागऱ्याखाली हिच्या एकटीच्या लेगिंग्ज. तिची आई दुकानात येते, बाकी गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबते, मग विचारते. असे बरेच लोक येतात आता माझ्याकडे, हळूच. कोणाच्या पोराच्या गालावर फिकट चट्टा असतो, तो बऱ्याचदा कोड नसतोच, शिबं असतं किंवा नुसती कोरडी कातडी. एका वहिनींच्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा गोल आला होता, स्टिकर टिकलीच्या डिंकातल्या केमिकलने काहींना तसं होतं, टिकली थांबवून डॉक्टरांना दाखवायचं असतं. मी टिकल्या विकतो म्हणून मला हे माहीत असणं भागच आहे. सगळ्यांना मी एकच सांगतो, त्वचारोगाच्या डॉक्टरकडे जा, सिव्हिलला जा, जाहिरातीतल्या नंबरला फोन करू नका.

तर ती मुलगी आईसोबत आली होती. आई साबण बघत होती. मुलगी काउंटरच्या कडेला हनुवटी टेकवून माझे हात बघत होती, मी गूळ बांधत होतो. म्हणाली, "काका, तुमचं अजून गेलं नाही?" मी म्हटलं नाही गं. तिचा चेहरा असा पडला ना. इतक्या मोठ्या माणसाचं गेलं नाही म्हणजे आपलं पण जाणार नाही, हे तिला तेवढ्यात कळलं. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं, माझ्या तोंडून निघालं, "पण मला ढोल वाजवता येतो." तिने विचारलं तुम्हाला पुढे उभं करतात का मागे. मी म्हटलं पुढे, आणि ते खरं आहे. तिने बराच वेळ विचार केला आणि मग गुळाचा खडा मागितला, मी दिला, तिने माझ्या हातातून घेऊन तोंडात टाकला.

तिला ओठावर डाग असलेलं मोठं माणूस रोजच्या आयुष्यात दिसायला पाहिजे. कॅनडातली विनी हार्लो नावाची मॉडेल आहे, सगळ्या अंगावर कोड, जगभरच्या मोठमोठ्या फॅशन शोमध्ये चालते, तिचे फोटो मी मोबाईलवर दाखवले, मुलगी खूश झाली पण ते लांबचं झालं. मायकल जॅक्सनला कोड होतं, त्याने १९९३ मध्ये टीव्हीवर स्वतः सांगितलं तरी लोक म्हणत राहिले की गोरा व्हायला रंग काढून घेतला. तो २५ जून २००९ ला गेला आणि त्याची आठवण म्हणून २५ जून हा जगभर कोडाचा दिवस पाळतात. तेही ठीक. पण आपल्याकडचं कोणी? बसमधला कंडक्टर, बँकेतल्या मॅडम, देवळातले गुरुजी, इतके जण असणार हे हिशोबाने दिसतंय, आणि आपल्या पेपरात एकाचाही फोटो मला आठवत नाही.

म्हणून माझ्या मागण्या लिहितो. जाहिराती थांबवा, ते वर लिहिलंच. त्याच पानावर तेवढ्याच जागेत एखाद्या त्वचारोग तज्ज्ञाकडून चार ओळी छापा की हे लागत नाही, उपचार कुठे मिळतात, सरकारी दवाखान्यात काय मिळतं. माझ्या आईसारख्या बायका तेच पान वाचतात म्हणून त्याच पानावर. शाळांनी असलं सर्टिफिकेट मागू नये यावर तुमच्या बातमीदाराला शिक्षण विभागाकडे एकदा विचारायला सांगा. आणि २५ जूनला "डागांवर मात करणारी जिद्द" असं काही छापू नका प्लीज, आम्ही मात केलेली नाही आणि करायचीही नाहीये. त्यापेक्षा वर्षात कधीही द्राक्षांच्या भावाची बातमी असेल तेव्हा पिंपळगावच्या, निफाडच्या एखाद्या शेतकऱ्याचा फोटो टाका आणि त्याच्या घड धरलेल्या हातावर डाग असले तर तो फोटो काढून दुसरा टाकू नका. खाली भावाबद्दल लिहा. डागांबद्दल एक अक्षर नको. ती मुलगी बघेल, मी पेपर काउंटरवर उघडाच ठेवतो.

माझं नाव पत्रासोबत वेगळ्या कागदावर दिलंय, फोन करून खात्री करून घ्या, पण छापू नका. बहिणीची एका ठिकाणी बोलणी चालू आहेत, माणसं चांगली वाटतायत, माझ्याबद्दल त्यांना सांगितलंय आणि त्यांनी विचार करायला वेळ मागितलाय. त्यांचं काय ते ठरलं की मी स्वतः कार्यालयात येऊन सांगेन, मग नाव छापा, फोटो पण छापा, हातांसकट.

आपला,
एक वाचक, जुने नाशिक